बंदूक, कॅमेरा आणि नोंद : खानदेशातील वन्यप्राणी-दर्शनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

सुटी लागली की उत्तरेकडील एखाद्या राष्ट्रीय उद्यानाची सहल आखावी, वाघ पाहावा आणि त्याचे छायाचित्र घेऊन परतावे, ही इच्छा आज खानदेशातील सुशिक्षित मध्यमवर्गात चांगलीच रुजली आहे. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे गाव अशा प्रवासाच्या वाटेवरच आहे. मुंबई-आग्रा महामार्ग येथूनच उत्तरेकडे जातो, सावळद्याजवळ तापी ओलांडून शिरपूरमार्गे सातपुड्याच्या घाटात शिरतो आणि पुढे मध्य प्रदेशात उतरतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा स्थानकातून निघालेला प्रवासीही भुसावळला गाडी बदलून इटारसी, जबलपूर किंवा दिल्लीकडे जाऊ शकतो. कान्हा, बांधवगड, पेंच ही मध्य भारतातील उद्याने आणि हिमालयाच्या पायथ्याचे कॉर्बेट राष्ट्रीय उद्यान ही या प्रवासाची प्रमुख ठिकाणे होत.

या प्रवासात एक ऐतिहासिक विसंगती दडलेली आहे. ज्या प्राण्याच्या दर्शनासाठी खानदेशी प्रवासी शेकडो किलोमीटर दूर जातो, तो प्राणी दोनशे वर्षांपूर्वी त्याच्याच गावशिवाराच्या आसपास वावरत होता. तो येथून कसा गेला, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटली आणि हाती बंदुकीऐवजी कॅमेरा आल्याने नेमके काय बदलले, या प्रश्नांचा विचार पर्यटनविषयक लेखनात क्वचितच होतो. प्रस्तुत निबंधात हा विचार इतिहासाच्या अंगाने करण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१) ब्रिटिश राजवटीच्या आरंभी खानदेशात झालेल्या शिकारीचे स्वरूप पाहणे.
२) उत्तर भारतातील राष्ट्रीय उद्यान व वन्यप्राणी-छायाचित्रण यांच्या उदयाचा परस्परसंबंध तपासणे.
३) रानपिंगळ्याच्या उदाहरणावरून वन्यजीवविषयक पुराव्याची ऐतिहासिक चिकित्सा करणे.
४) आजच्या सहलीतील छायाचित्राचे साधन म्हणून मूल्य निश्चित करणे.

शिकार : राज्यकारभाराचे एक अंग

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त होऊन खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा हा प्रदेश मोठ्या प्रमाणात उजाड झालेला होता. १८०२ मधील होळकरांच्या फौजांची लूट, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्यानंतरची बंडाळी यांमुळे अनेक गावे ओस पडली होती. पडीक शेतांत झाडोरा माजला आणि जंगल गावांच्या वेशीपर्यंत आले. जंगलामागोमाग वाघही आला. त्या काळच्या खानदेशातील वाघांची विपुलता हा निसर्गाच्या समृद्धीइतकाच राजकीय अनर्थाचाही परिणाम होता, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेतले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण लष्करी अधिकाऱ्याकडे भिल्ल पलटण उभारण्याचे काम सोपविण्यात आले. या पलटणीचे ठाणे धरणगाव येथे होते. आउट्रमने भिल्लांशी जवळीक साधण्यासाठी ज्या मार्गांचा अवलंब केला, त्यांत वाघाची शिकार हा एक महत्त्वाचा मार्ग होता. १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत तो स्वतः हजर असताना १९१ वाघ मारले गेले, अशी नोंद त्याच्या चरित्रात आढळते.

हा आकडा दोन प्रकारे वाचता येतो. नव्या राजवटीच्या दृष्टीने तो सुव्यवस्थेचा पुरावा होता. वाघ मारणे, जंगल मागे रेटणे, गावे पुन्हा वसविणे आणि सारा वाढविणे ही एकाच धोरणाची अंगे होती. पुढे १८६० च्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत पोचला, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला मागणी आली आणि तापीखोऱ्यातील काळी जमीन झपाट्याने लागवडीखाली गेली. वाघाला मैदानात जागा उरली नाही. शिकारीने जे आरंभिले ते नांगराने आणि रुळांनी पूर्ण केले.

दुसऱ्या वाचनात या आकड्यातील मौन जाणवते. माग काढणारे, हाका घालणारे, पाणवठ्यांची व नाल्यांची खडान्‌खडा माहिती असणारे भिल्ल हेच या शिकारीचे खरे जाणकार होते. त्यांच्यावाचून आउट्रमला वाघ दिसलाही नसता. परंतु मारलेल्या वाघांची संख्या जशी लिहून ठेवली गेली, तशी माग काढणाऱ्यांची नावे लिहून ठेवली गेली नाहीत. कोणत्या नाल्यात, कोणत्या महिन्यात, कोणत्या अवस्थेतील वाघ मारला गेला याची सलग नोंदही मागे राहिली नाही. राहिली ती संख्या आणि कातडी. पराक्रमाला एवढे पुरेसे होते. इतिहासाला आणि प्राणिशास्त्राला ते पुरेसे नव्हते.

काचपेटीतील पक्षी आणि खोटी चिठ्ठी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकारीच्या जोडीने नमुनेसंग्रह सुरू झाला. पक्षी मारून, कातडे भरून, त्याच्या पायाला स्थळ व दिनांक लिहिलेली चिठ्ठी बांधून तो संग्रहालयात पाठविला जाई. ही पद्धतही हिंसेवरच आधारलेली होती. पण तिच्यात एक शिस्त होती. चिठ्ठीवाचून नमुन्याला किंमत नव्हती.

याच पद्धतीने रानपिंगळा या लहान घुबडाची ओळख जगाला झाली. एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागातील फुलझर परिसरात हा पक्षी मिळविला व ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये ब्लेविट यांच्या नावाने त्याचे वर्णन केले. त्यानंतरचे महत्त्वाचे नमुने खानदेशातून मिळाले. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी तयार केली आणि १८८० च्या दशकात येथून रानपिंगळ्याचे अनेक नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी विश्वासार्हपणे कोणाच्याही पाहण्यात आला नाही.

अपवाद होता तो एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील तापीकाठच्या मांडवी येथे आपण हा पक्षी मिळविल्याचा दावा केला होता व तसा नमुनाही त्याच्या संग्रहात होता. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी या नमुन्याची कसून तपासणी केली. तो डेव्हिडसन यांचाच खानदेशातील जुना नमुना असून, संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून मिरविण्यात आला होता, असा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षी खरा होता, चिठ्ठी खोटी होती. त्या खोट्या चिठ्ठीमुळे या पक्ष्याचा शेवटचा ठावठिकाणा चुकीच्या जागी आणि चुकीच्या वर्षी नोंदला गेला.

धुळे ही इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची कर्मभूमी. १९२७ मध्ये येथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाच्या परिसरात वाढलेल्या अभ्यासकाला या प्रकरणाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. कागद अस्सल असला तरी त्यावरील मिती व ठिकाण बनावट असेल, तर तो कागद इतिहासाचे साधन न राहता इतिहासाची फसवणूक ठरतो. वन्यजीवांच्या नोंदींनाही हाच निकष लागू होतो.

उत्तरेतील तराई आणि कॅमेऱ्याचा उदय

वाघाकडे पाहण्याची नवी रीत खानदेशाबाहेर, हिमालयाच्या पायथ्याशी आकारास आली. संयुक्त प्रांताच्या वनखात्यातील अधिकारी फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन (१८९३-१९७०) यांना छंदासाठी प्राणी मारणे नापसंत होते. शिवालिकच्या जंगलात वाघाच्या वाटेवर बारीक तार आडवी लावून, तिला पाय लागताच कॅमेरा उघडेल व झगझगीत प्रकाश पडेल, अशी योजना त्यांनी केली. त्यांनी घेतलेली वाघांची छायाचित्रे ३ ऑक्टोबर १९२५ रोजी 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली आणि १९२७ मध्ये त्यांचे 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' हे पुस्तक निघाले. नैसर्गिक अवस्थेत वावरणाऱ्या वाघाचे छायाचित्र ही तोवर अपूर्व गोष्ट होती. त्याआधीच्या छायाचित्रांतील वाघ बहुधा मेलेला असे आणि त्यामागे बंदूक घेतलेला माणूस उभा असे.

चॅम्पियन यांचे कार्य केवळ सौंदर्यदृष्टीचे नव्हते. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते व तिच्यावरून तो ओळखता येतो, हे त्यांनी छायाचित्रांच्या आधारे दाखविले. कोणत्या वाटेवर, कोणत्या रात्री, कोणता प्राणी आला, हे तारेच्या कॅमेऱ्याने आपोआप नोंदले जात होते. डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीचे काम येथे प्राण्याला न मारता होऊ लागले.

चॅम्पियन यांच्या उदाहरणाचा प्रभाव जिम कॉर्बेट (१८७५-१९५५) यांच्यावर पडला. नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून विख्यात असलेल्या कॉर्बेट यांनी १९३० च्या दशकात चलच्चित्र कॅमेऱ्याने वाघांचे चित्रीकरण केले. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बिथरतो, हे ध्यानी आल्यावर त्यांनी जंगलातील ओढ्यात लहान लहान बांध घालून पाण्याचा खळाळ निर्माण केला आणि त्या आवाजाआड बसून, महिनोन्‌महिने वाट पाहून वाघ टिपले. वाघाच्या कातड्यापेक्षा त्याचे चांगले छायाचित्र अधिक समाधान देते, या मताचे ते झाले.

८ ऑगस्ट १९३६ रोजी रामगंगेच्या खोऱ्यात सुमारे ३२४ चौ. कि. मी. क्षेत्रावर 'हेली राष्ट्रीय उद्यान' स्थापन झाले. भारतातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान होय. प्रांताचे गव्हर्नर माल्कम हेली यांचे नाव त्यास देण्यात आले होते. स्वातंत्र्यानंतर काही काळ ते रामगंगा या नावाने ओळखले गेले व १९५७ मध्ये त्यास कॉर्बेट यांचे नाव मिळाले. बंदुकीला मज्जाव व डोळ्यांना मुभा, ही आजच्या सहलीचा पाया असलेली व्यवस्था येथून सुरू झाली. तिचे प्रणेते बहुतांशी पूर्वाश्रमीचे शिकारी व वनाधिकारी होते, आणि जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या लोकांना मात्र या व्यवस्थेत निर्णयाचे स्थान नव्हते, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

कायदा, प्रकल्प आणि मोजणी

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग कायदेशीरदृष्ट्या संपविले. १ एप्रिल १९७३ रोजी कॉर्बेट उद्यानात व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभ झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत सातपुड्याच्याच रांगेतील मेळघाटचा समावेश होता. खानदेशात जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य १९६९ मध्ये, तर शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ मध्ये अस्तित्वात आले.

मोजणीच्या पद्धतीचा इतिहास या संदर्भात विशेष बोलका आहे. प्रारंभीची व्याघ्रगणना पायांच्या ठशांवर अवलंबून होती. राजस्थानातील सरिस्का येथील वाघ संपल्याचे २००४-०५ मध्ये उघड झाले, तेव्हा कागदावरील वाघ व जंगलातील वाघ यांतील अंतर देशासमोर आले. त्यानंतर २००६ पासून राष्ट्रीय पातळीवर कॅमेरा ट्रॅपचा व संख्याशास्त्रीय पद्धतीचा अवलंब झाला. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. त्यांत सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली आणि त्यांपैकी ७६,६५१ वाघांची होती. पट्ट्यांवरून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखण्यात आले व देशातील एकूण संख्या २,९६७ असल्याचा अंदाज निघाला. २०२२ च्या गणनेत हा अंदाज ३,६८२ वर गेला. चॅम्पियन यांची आडवी तार हीच या प्रचंड यंत्रणेची पूर्वज होय.

शहादा, नोव्हेंबर १९९७

कॅमेऱ्याने नोंदविलेला खानदेशातील सर्वांत महत्त्वाचा वन्यजीव मात्र वाघ नव्हे. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे अभ्यासक रानपिंगळ्याच्या शोधार्थ भारतात आले. माइनर्ट्झहागनच्या मांडवीच्या दाव्यावर विसंबून न राहता ज्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या निःसंशय होत्या, त्या स्थळांकडे जाण्याचा निर्णय त्यांनी घेतला. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी पक्षी आढळला नाही. त्यानंतर ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. त्या वेळी शहादा तालुका धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी झाली. तब्बल ११३ वर्षांनी दिसलेला हा पक्षी या वेळी मारला गेला नाही. त्याची छायाचित्रे घेण्यात आली, चित्रफीत तयार करण्यात आली आणि तेवढा पुरावा शास्त्रीय जगताला पुरेसा ठरला.

या घटनेचा बोध दुहेरी आहे. डेव्हिडसन यांनी शतकापूर्वी प्रामाणिकपणे लिहिलेल्या स्थळ-दिनांकामुळेच हा पक्षी पुन्हा सापडू शकला. तसेच, ज्या कामासाठी पूर्वी पक्ष्याचा जीव घ्यावा लागे, ते काम आता कॅमेरा करू शकतो, हेही सिद्ध झाले. पुढील सर्वेक्षणांत तोरणमाळ व मेळघाटसह सातपुड्यातील अन्य ठिकाणी, तसेच ठाणे जिल्ह्यातील तानसा येथेही रानपिंगळा आढळला. हा पक्षी दिवसाउजेडी वावरतो आणि सागाच्या विरळ, कोरड्या जंगलातील उघड्या फांदीवर बसतो. तरीही तो शतकभर नजरेआड राहिला. तो जेथे होता तेथे कोणी पाहत नव्हते, हे त्याचे कारण होय.

आजची सहल : दर्शन की प्रदर्शन?

या इतिहासाच्या प्रकाशात आजच्या उद्यान-सहलीकडे पाहिले असता संमिश्र चित्र दिसते. उद्यानात जाणारा प्रवासी प्राणी मारत नाही, तिकिटाच्या रूपाने त्याच्या रक्षणास हातभार लावतो आणि परतताना निसर्गाविषयी आस्था घेऊन येतो. या गोष्टी नाकारण्यासारख्या नाहीत. तथापि, जिप्सीतून वाघ दिसेपर्यंत धावणे, दिसताच वाहनांची दाटी होणे आणि चितळ, सांबर, गवा, कोल्हा यांच्याकडे दुर्लक्ष करून केवळ वाघाच्या चेहऱ्याचे छायाचित्र मिळविणे, ही वृत्ती शिकारीच्या काळातील पराक्रम-चिन्हाशी नाते सांगते. भिंतीवरील कातड्याची जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली, एवढाच फरक उरतो.

ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट अडविली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. येथे कॅमेरा हे त्रासाचे निमित्तही ठरले आणि त्या त्रासाचा पुरावाही ठरला.

आणखी एक सातत्य लक्षणीय आहे. आउट्रमच्या काळातील माग काढणाऱ्या भिल्लाचे नाव जसे नोंदले गेले नाही, तसेच आज चितळाच्या इशाऱ्यावरून वाघाची चाहूल ओळखणारा वाटाड्या व पाणवठ्याजवळ कॅमेरा बांधणारा वनरक्षक हेही छायाचित्राच्या चौकटीबाहेरच राहतात. दर्शन घडविणारा अनाम आणि दर्शन घेणारा नामांकित, ही रचना दोनशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

नोंदीच्या आग्रहाला एक मर्यादाही आहे. दुर्मीळ प्राण्याचे अचूक ठिकाण समाजमाध्यमांवर जाहीर केल्यास चोरटे शिकारी व हौशी छायाचित्रकार या दोहोंचा उपद्रव वाढतो. घरट्याभोवती गर्दी करणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे हेही त्याला घातकच होय. म्हणून स्थळ व दिनांक अचूक लिहून ठेवणे आणि ते सर्वांपुढे मांडणे या दोन भिन्न गोष्टी मानल्या पाहिजेत. नोंद पूर्ण असावी, ती वनविभागाकडे व अभ्यासकांकडे पोचावी. प्रसिद्धी मात्र तारतम्याने द्यावी.

निष्कर्ष :

१) खानदेशातून वाघ नाहीसा होण्यास शिकार, लागवडीचा विस्तार व लोहमार्ग ही परस्परपूरक कारणे होती. आजची उत्तरेकडील सहल ही या इतिहासाची अप्रत्यक्ष परिणती आहे.

२) बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे झालेले स्थित्यंतर आपोआप नैतिक प्रगती ठरत नाही. स्थळ, दिनांक व परिस्थिती यांची प्रामाणिक नोंद असेल तर छायाचित्र साधन होते. ती नसेल तर ते केवळ विजयचिन्ह उरते.

३) रानपिंगळ्याचे प्रकरण हा या विधानाचा खानदेशातीलच पुरावा आहे. खोट्या चिठ्ठीने शोध भरकटविला, खऱ्या चिठ्ठीने तो मार्गी लावला.

४) खानदेशातील जंगल अद्याप रिकामे झालेले नाही. मुक्ताईनगर तालुक्यातील वढोदा वनपरिक्षेत्रात वाघांचे अस्तित्व नोंदले गेले असून तेथे मुक्ताई भवानी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले आहे. यावल, अनेर व तोरणमाळ ही स्थळे नरडाण्याहून कॉर्बेटपेक्षा कितीतरी जवळ आहेत.

५) तापीखोऱ्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन परिसरातील वन्यजीवांच्या छायाचित्रांचा दिनांक, ठिकाण, छायाचित्रकार व वाटाड्या यांच्या नोंदींसह संग्रह करावा. दुर्मीळ प्राण्यांची ठिकाणे त्यात गोपनीय ठेवता येतील. शंभर वर्षांपूर्वीच्या एका चिठ्ठीवरून शहाद्याचा पक्षी सापडला. आजच्या नोंदींवरून पुढच्या पिढीला काय सापडेल हे आज सांगता येणार नाही, पण नोंदच नसेल तर शोधाला आरंभ कोठून करावा हेही तिला कळणार नाही.